ताऱ्यातील लोहावरून आकाशगंगेचे बालपण कसे वाचावे

पुसेगावच्या यात्रेत बैलाचे दात पाहून त्याचे वय सांगणारे जाणकार भेटतात. ताऱ्याचा जुनेपणा त्याच्यातील लोहावरून अजमावता येतो: लोह ताऱ्यांच्या स्फोटांतून आकाशगंगेच्या वायूत हळूहळू साठत गेले, म्हणून लोह फार कमी असलेला तारा सहसा फार जुना. असा एक अतिप्राचीन तारा, एचडी १४०२८३, सातारकरांना साध्या द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) पाहता येतो.

एप्रिलअखेरची अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी, शहराचे दिवे मागे टाकून ठोसेघरच्या बाजूच्या पठारावर जावे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत अर्धा तास थांबावे. नकाशा पाहण्यासाठी विजेरीला लाल कागद गुंडाळावा. रात्री अकराच्या सुमारास आग्नेयेला तूळ राशीचे दोन ठळक तारे दिसतात. त्यांतील उत्तरेकडचा तारा १०×५० च्या द्विनेत्रीत धरून तिथून साधारण एक दृश्यक्षेत्रभर पूर्वेला, म्हणजे क्षितिजाकडे, आणि किंचित दक्षिणेला सरकावे. प्रत (तेजाचा अंक; तो जितका मोठा तितका तारा मंद) ७.२ असल्याने हा ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, आणि शेजारच्या ताऱ्यांशी गल्लत होऊ नये म्हणून नकाशाशी दोनदा ताडून पाहणे मला आवश्यक वाटते. तो सुमारे २०० प्रकाशवर्षांवर आहे.

त्याचे रसायन मात्र वर्णपटातच, म्हणजे प्रकाशाच्या रंगवार पसरलेल्या पट्ट्यातच, वाचावे लागते; त्यात प्रत्येक मूलद्रव्य आपल्या गडद रेषा उमटवते. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या खुल्या संग्रहातून त्याचा वर्णपट घ्यावा, सूर्याचा वर्णपट त्याच्याखाली ठेवावा आणि ५१६ ते ५१९ नॅनोमीटरचा पट्टा निरखावा. सूर्याच्या पट्ट्यात मॅग्नेशियमच्या तीन गडद रेषांभोवती लोहाच्या बारीक रेषांची दाटी असते. इथे त्या तीन रेषा उरतात, पण बारीक होऊन, आणि भोवतालचा भाग जवळजवळ मोकळा असतो. रेषांची खोली तापमानावरही अवलंबून असते, म्हणून एरवी अशी तुलना फसवी ठरते. परंतु या ताऱ्याचे पृष्ठतापमान सूर्याच्या अगदी जवळचे असल्याने हा फरक मुख्यतः धातूंच्या कमतरतेचाच आहे. १९५१ साली चेंबरलेन आणि ॲलर यांनी ही कमतरता दाखवून दिली. आजच्या मोजमापानुसार त्यातील लोह सूर्याच्या सुमारे अडीचशेव्या हिश्शाइतके आहे.

त्यानंतर लोहाशी मॅग्नेशियमचे प्रमाण पाहावे, कारण खरी कालगणना तिथे आहे. अवजड तारे काही दशलक्ष वर्षांतच स्फोट पावून ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम उधळतात, तर लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या (इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या दाट गाभ्यांच्या) स्फोटांतून पुष्कळ उशिरा येतो. म्हणून लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त असेल, तर तो तारा ही उशिराची भर पुरेशी पडण्याआधीच्या वायूतून जन्मला असे समजावे.

द्विनेत्री नसेल तर त्याच रात्री पूर्वेला उंचावर असलेल्या नारिंगी स्वातीकडे पाहावे: तिच्यात लोह सूर्याच्या सुमारे एक तृतीयांश असून मॅग्नेशियम त्या मानाने अधिक आहे.