या चुका टाळा: तक्रार आल्यावर समिती शोधू नका

नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या कंपनीच्या समितीत मी बाह्य सदस्य, म्हणजे कंपनीबाहेरची सदस्य असते. मला येणारा पहिला फोन ठरलेला असतो: "मॅडम, समितीच्या आदेशाचा फॉरमॅट पाठवता का? संध्याकाळपर्यंत हवाय." म्हणजे तक्रार आलेली असते आणि समितीचा पत्ता नसतो.

या छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ही अंतर्गत समिती आधीपासून हवी. नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. मग सुचतो शॉर्टकट, मागच्या तारखेचा आदेश. एका कारखान्यात (कुठला ते विचारू नका, गोपनीयता मलाही लागू आहे) पॅकिंगमधल्या मुलीने सुपरवायझरविरुद्ध लेखी दिलं. मॅनेजरने आधी दोघांना केबिनमध्ये बसवून "झालं गेलं विसरा" करून पाहिलं. सलोखा फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच होतो, तोही समितीमार्फत, आणि पैशाच्या बोलीवर तर नाहीच. मुलगी बधली नाही. मग एचआरने जानेवारीच्या तारखेचा आदेश काढला, सही-शिक्क्यासह. त्यात अध्यक्ष केलेल्या बाई रुजूच जूनमध्ये झालेल्या! ही मुलगी आणि त्या नव्या कर्मचाऱ्यांच्या एकाच इंडक्शनला शेजारी बसल्या होत्या. तिने समितीसमोर तेवढं एकच वाक्य सांगितलं आणि कंपनीच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडाला. समिती नव्याने नेमावी लागली. तोवर मुलगी त्याच सुपरवायझरच्या हाताखाली त्याच लाइनवर. चौकशी चालू असताना तिच्या लेखी विनंतीवरून बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"ती ठेकेदाराची आहे, आमची नाही." चालत नाही. कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस, सगळ्या यात येतात. कंपनीची बसही कामाचं ठिकाणच.

"समिती पुण्याच्या हेड ऑफिसला आहे." नाशिकच्या युनिटला वेगळी हवी.

बाह्य सदस्य म्हणून कंपनीचाच वकील किंवा मालकाच्या मित्राची बायको नेमू नका. समितीत निम्म्या तरी बायका हव्यात, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची कर्मचारी बाई हवी.

"तक्रार सिद्ध झाली नाही, म्हणजे खोटी, करा कारवाई." मुळीच नाही. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही.

वीस मिनिटांची ऑनलाइन क्लिप दाखवून सह्या घेणाऱ्या उतावळ्या एचआरवाल्यांना मी प्रशिक्षणाचं पत्र देत नाही. माझी पद्धत जुनीच आहे: आधी फाइल नाही, कँटीन. तिथे भांडी विसळणाऱ्या मावशींना विचारते, "तक्रार कुणाकडे द्यायची?" त्यांना सांगता आलं नाही, तर सभासदांची नावं मराठीत लिहून कँटीनमध्ये आणि बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर लावायला सांगते, आणि लागल्याशिवाय हलत नाही. रिसेप्शनमधल्या चकचकीत इंग्रजी फ्रेमचा त्यांना उपयोग शून्य.

दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. हेही त्याच कागदावर लिहा, मालकांना आवडो न आवडो.