मसालेदार गोड एल कशी चाखावी: जायफळ, काकवी आणि कुंद्याच्या आधारानं

पम्पकिन पाय, जिंजरब्रेड, कॅरट केक. मिष्टान्नाच्या धर्तीवर केलेल्या क्राफ्ट एलच्या, म्हणजे छोट्या ब्रूअरीत बनणाऱ्या एका प्रकारच्या बिअरच्या लेबलांवर अशी नावं असतात आणि पहिली गल्लत तिथंच होते. माणूस लेबल वाचतो, मग नाक ग्लासात घालतो आणि जे वाचलं तेच त्याला सापडतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसानं यातला एकही पदार्थ खाल्लेला नसला तरी काही अडत नाही. पम्पकिन पायच्या मसाल्यात दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग असते. यातलं निम्मं आपल्या पुरणात पडतं. मोलॅसिस म्हटलं की काकवी आठवावी. कॅरामल म्हटलं की दूध आटवून तपकिरी झालेला कुंदा आठवावा. मसाला ओळखणं हे यातलं सोपं काम. त्या मसाल्याखाली बिअर उरली आहे का, हे शोधणं हे खरं काम.

वासांची तयारी

आदल्या दिवशी एक तास काढा. चार कपांत प्रत्येकी १०० मिली उकळतं पाणी घ्या. एकात ठेचलेला एक वेलदोडा, दुसऱ्यात दोन लवंगा, तिसऱ्यात बोटाच्या पेराएवढी दालचिनी मोडून, चौथ्यात जायफळ जेमतेम चिमूटभर किसून घाला. झाकण ठेवून दहा मिनिटांनी गाळा आणि गार होऊ द्या. जायफळाच्या बाबतीत हात सैल सोडू नका. चमचाभर पोटात गेलं तर ते विषारी ठरतं.

आता साधी, मसाला नसलेली फिकट बिअर घ्या. तिच्या १०० मिलीमध्ये एका कपातलं एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घाला आणि शेजारी न मिसळलेली बिअर ठेवा. दोन्ही हुंगा. फरक कळला नाही तर दुसरा चमचा घाला. हे प्रमाण हौशी ब्रूअर मसाला जितका घालतात त्याच्या आसपासच येतं, त्यामुळे बिअरमध्ये वेलदोडा म्हणजे नेमकं काय हे नाकात बसतं. पुरणातला वेलदोडा आणि बिअरमधला वेलदोडा एकसारखा लागत नाही. साखर आणि तूप नसलं की त्याची निलगिरी-कापरासारखी थंड बाजू पुढे येते. बिअरमध्ये अनेकांना ती औषधी वाटते ती यामुळेच.

दालचिनी बघून घ्या. रविवार पेठेत किंवा खडेबाजारात जी जाड, कडक, एकाच थराची साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया असते. तिखट आणि थोडी तुरट. सिलोनची दालचिनी पातळ पापुद्र्यांची, हाताने चुरगळणारी आणि वासाला सौम्य. एलमध्ये दालचिनी जिभेला चावत असेल तर ती बहुधा कॅशिया असते, किंवा साल फार काळ भिजत राहिलेली असते.

ग्लास, तापमान, माप

स्टीलचा पेला नको. तोंड आत वळलेला ट्युलिप ग्लास उत्तम. नसेल तर छोटा वाइन ग्लास चालतो. ग्लासाला तुपाचा हात लागला असेल तर फेस उभाच राहत नाही आणि दोष बिअरवर जातो. ग्लास आतून ओला करून मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ आहे; जिथून घसरतं तिथं तेलकटपणा आहे. भांडी घासायच्या साबणाचा लिंबाचा वास राहिला असेल तर साध्या पाण्यानं पुन्हा विसळा, नाहीतर तो वास तुम्ही संत्र्याची साल म्हणून वहीत लिहाल.

फ्रिजमधून काढल्या काढल्या ही एल चाखू नका. ४ अंशाला मसाला झोपलेला असतो आणि गोडवाही कमी लागतो. ८ ते १२ टक्के अल्कोहोलच्या गडद एलसाठी १० ते १३ अंश योग्य. ५-६ टक्क्यांच्या हलक्या मसालेदार एलला ८ ते १० पुरे. ३३० मिलीची बाटली बेळगावच्या थंडीत अर्धा तास आधी बाहेर काढा, एप्रिल-मेमध्ये पंधरा मिनिटं बस्स. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर अंदाज करत बसू नका.

एका वेळी ६० ते ९० मिली ओता, ग्लासाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. नऊ टक्क्यांच्या चार नमुन्यांचे प्रत्येकी ९० मिली घेतले तर अल्कोहोल पाच टक्क्यांच्या ६५० मिलीच्या अख्ख्या बाटलीइतकं होतं. हा हिशोब लक्षात ठेवा आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या. कर्नाटकात २१ वर्षांखालच्यांसाठी हा खेळ नाही. चोर्ला घाटातून गोव्याच्या बाटल्या आणायचा विचार असेल तर आधी अबकारी परवान्याचं बघा. राज्याची हद्द ओलांडली की दोन्हीकडचे नियम लागतात.

खोलीत उदबत्ती नको, शेजारी फोडणी नको. तंबाखू मळलेला हात ग्लासाजवळ आणू नका. पान खाऊन तर बसूच नका: लवंगेतलं युजेनॉल जीभ बधिर करतं आणि पुढचा काही वेळ चव अंदाजानंच घ्यावी लागते. याच कारणानं नमुन्यांमध्ये लवंगेची एल शेवटी ठेवावी. एकूण क्रम हलक्याकडून जडाकडे, कोरड्याकडून गोडाकडे. मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा.

नाक आधी

ओतल्यावर लगेच हुंगा, कारण उडून जाणारे वास पहिल्या अर्ध्या मिनिटात जातात. आधी ग्लास नाकापासून वीतभर दूर धरून एक श्वास. मग जवळ आणून दोन-तीन छोटे श्वास. मग तळहातानं तोंड झाकून ग्लास फिरवा, हात काढा आणि पुन्हा हुंगा. लांब श्वास ओढत बसलात तर नाक थकतं. थकलं की आपल्याच मनगटाची कातडी हुंगावी, नाक पूर्वपदावर येतं.

पहिला प्रश्न मसाल्याचा विचारू नका. आधी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, शोधा: भाजलेल्या पावाचा, बिस्किटाचा, कॉफीचा किंवा आटलेल्या दुधासारखा कॅरामलचा वास आहे का? मग मसाला. एकच मसाला ओरडतोय, की तीन-चार मिळून आहेत? फेसाकडे एक नजर टाका, पण तो लवकर बसला म्हणून गुण कापायची घाई नको. जास्त अल्कोहोल आणि कोको-सुक्यामेव्याचं तेल फेस मारतात.

लवंगेबद्दल एक बारकावा. एल यीस्टच्या काही जाती, विशेषतः जर्मन गव्हाच्या बिअरच्या, स्वतःच लवंगेसारखा वास तयार करतात. सोबत पिकल्या केळ्याचा वास असेल तर ती लवंग बहुधा यीस्टची आहे, डब्यातली नाही.

नाक दाबून घोट

पहिला घोट सोडून द्या. त्यात जीभ थंडीला आणि बुडबुड्यांना सरावते. दुसऱ्या घोटाला नाक चिमटीत दाबा, साधारण १५ मिली तोंडात घ्या, सगळीकडे फिरवा. नाक बंद असताना उरतं ते एवढंच: गोड, कडू, आंबट, तुरटपणा, घोटाचा जडपणा आणि अल्कोहोलची ऊब. आता गिळा, नाक सोडा आणि नाकावाटे श्वास बाहेर टाका. व्हॅनिला, वेलदोडा, जायफळ एकदम आत येतात.

या प्रकारच्या एलसाठी ही एक कृती बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जाते. व्हॅनिला आणि दालचिनी यांचा मेंदूशी गोडाचा करार आहे. त्यांचा वास आला की साखर नसतानाही गोड लागतं. नाक दाबल्यावर गोडवा कोसळला तर तो वासाचा होता. नाक दाबूनही टिकला तर बाटलीत खरंच न आंबलेली साखर आहे, बरेचदा लॅक्टोज. दुधातली ही साखर बिअरचं नेहमीचं यीस्ट खाऊ शकत नाही, म्हणून ती तशीच राहते आणि बिअरला सायीसारखा दाटपणा देते. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी लेबलावर लॅक्टोज आहे का ते मात्र आधी बघावं, एवढंच एक वाचन चाखण्यापूर्वी.

गुळाचं याच्या बरोबर उलट. 'गुळाची एल' म्हटल्यावर इकडचा माणूस गोडाची अपेक्षा करतो आणि नाराज होतो. गुळातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट संपवतं. मागे उरतो तो काकवीचा किंचित खारट, मातकट वास आणि कोरडा शेवट. गुळाची एल कोरडी लागली म्हणजे ती बिघडली असं नाही.

तिसऱ्या घोटाला शेवटाकडे लक्ष द्या. गिळल्यानंतर दहा-पंधरा सेकंदं काय राहतं? मसाला विरून माल्ट राहत असेल तर बनवणाऱ्याचा हात बरा. तुरटपणा हिरड्यांना ओढत असेल तर मसाला फार उकळलेला किंवा फार भिजवलेला. मसाला वर तरंगत असेल, कच्चा आणि वेगळा, तर तो शेवटी अर्काच्या रूपात घातलेला असतो. उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घातलेला मसाला जास्त मिसळून येतो, पण त्याचा वरचा ताजा वास थोडा जातो. दोन्हींत बरंवाईट नाही, प्रमाण चुकलं की दोन्ही वाईट.

गोडाआड लपणारे दोष

साध्या लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या फिकट, हलक्या बिअरमध्ये, दोष नागडा असतो. इथं तो मिठाईचं सोंग घेतो. आंबवताना तयार होणाऱ्या डायअॅसिटिल या द्रव्याचा वितळलेल्या लोण्याचा वास 'बटरस्कॉच' म्हणून खपतो. तपासायचं असेल तर ग्लास हातात धरून १६-१८ अंशांपर्यंत येऊ द्या. लोणी वाढलं आणि जिभेवर तेलकट निसरडेपणा आला तर तो दोष. कॅरामल असा वाढत नाही. ॲपल पायच्या नावाच्या एलमध्ये हिरव्या सफरचंदाचा चरचरीत वास असेल तर ॲसिटाल्डिहाइडचा संशय घ्या, म्हणजे आंबवणं अर्धवट राहिलंय. भोपळ्याच्या एलमधला उकडलेल्या मक्याचा वास भोपळ्याचा नसतो. तो फिकट माल्टपासून येणारा डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) आहे, उकळी कमी पडल्याची खूण.

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागलेली जुनी बिअर. गडद एलमध्ये तेच जुनेपण मनुका-खजुराच्या बाजूनं येतं आणि थोडं असेल तर शोभतं. जुन्या बाटलीत संत्र्याच्या सालीचा ताजेपणा आधी जातो आणि लवंग मागे राहून सगळ्यांवर बसते, म्हणून मसालेदार एल सहसा वर्षाच्या आत संपवावी. झाकण काढताच फेसाचं कारंजं उडालं आणि आत आंबूस वास असला तर रानटी यीस्ट किंवा जिवाणू शिरलेत. ती मोरीत ओता.

गुण द्यायचे असतील तर बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेची ५० गुणांची पत्रिका सोपी आहे: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण १०. त्यांच्या मसालेदार बिअरच्या गटातही मसाला आणि मूळ बिअर यांचा तोल मागितला आहे. ओळख पटवायच्या आधी गुण लिहा, मग लेबल फिरवा.

सोबत काय

बेळगावात बसून कुंदा आणायचा मोह होणारच. पहिल्या ग्लासाबरोबर नको. बिअरपेक्षा गोड पदार्थ तोंडात गेला की पुढचा घोट पातळ आणि कडू लागतो. कुंद्यापुढे टिकेल इतकी गोड एल क्वचितच सापडते. गोकाकचा करदंट थोडा बरा, कारण डिंक आणि सुक्यामेव्यामुळे तो नुसता गोड नाही. सुपारीएवढा तुकडा पुरे. खरी जोडी खारे शेंगदाणे, लोण्याचा गोळा आणि ज्वारीची कडक भाकरी. संकेश्वरी मिरचीचा ठेचा दूर ठेवा. अल्कोहोल आणि बुडबुडे तिखटाची आग वाढवतात आणि सुंठ कुठली, मिरची कुठली हे कळेनासं होतं. कुंदा हवाच असेल तर गुण लिहून झाल्यावर, नऊ-दहा टक्क्यांच्या लॅक्टोज असलेल्या स्टाउट या काळ्या बिअरबरोबर, अर्धा चमचा.