एस्टीममध्ये बलेनोचं इंजिन: माझा अनुभव

माझी एस्टीम ड्रॅग रेससाठी, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीसाठी आहे. तिच्यात बसवायला जुन्या बलेनो सेडानचं १.६ लिटरचं इंजिन निवडलं, कारण एस्टीमचं १.३ आणि हे, दोन्ही सुझुकीच्या एकाच घराण्यातले. १२९८ सीसीवरून १५९०. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ वरून जेमतेम ७५ मिमी होतो. खरी वाढ स्ट्रोकची, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली अंतराची, ७५.५ वरून ९०. म्हणजे ब्लॉक उंच. गिअरबॉक्स जुळला, बॉनेट मात्र बंद होईना.

गॅरेजवाले काका म्हणाले, "माउंट खाली घेऊ," म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते. मी नको म्हटलं. चाकांना ताकद देणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा कोन बिघडतो, आणि पुण्यातल्या गतिरोधकांवर इंजिनखालच्या ऑइल संपचं (ऑइलच्या भांड्याचं) काय होईल ते सांगायला नको! शेवटी बॉनेटची आतली पट्टी कापली आणि कडेने वेल्डिंग करून मजबुती दिली. वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बलेनोचाच घेतला. जोडाजोड केली नाही.

खरी डोकेदुखी लाँचची, म्हणजे शर्यतीत जागेवरून जोरात सुटण्याची. क्लच सोडला की इंजिन मागे कलायचं, डाउनपाइप (एक्झॉस्टचा इंजिनजवळचा पाइप) खालच्या आडव्या दांड्यावर, क्रॉसमेंबरवर, आपटायचा आणि दुसरा गिअर अडायचा. सगळे गिअरबॉक्सला दोष देत होते. मी नाना पेठेतून नवे माउंट आणले, त्यांच्या पोकळ्या पॉलियुरेथेनने, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकने, भरल्या. आवाज बंद, गिअर लोण्यासारखा. आयडलला स्टिअरिंग थरथरतं, पण ४०२ मीटरच्या गाडीत मला ते चालतं. आईला चालत नाही, ती आता रिक्षाने जाते.

इंजिन बदलाची नोंद आरटीओत करावी लागते. ती पूर्वपरवानगी घेऊनच केली. आता मागच्या स्प्रिंग कडक करायच्यात, कारण सुटताना वजन मागे जातं आणि पुढची चाकं नुसती फिरतात.