वेचणीच्या दिवसांत टाचांच्या भेगा

कापूस वेचून वावरातून घरी आलं की टाचेच्या भेगांत काळी माती गच्च बसलेली असते. ती सुईनं, ब्लेडनं कोरू नका. घमेल्यात कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं पाय बुडवा, कातडी मऊ झाली की वज्री हलक्या हातानं फिरवा. रक्त येईस्तोवर घासलं तर भेग आणखी खोल जाते. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. टाचा मात्र ओलसर असतानाच व्हॅसलीन चोळा नि सुती मोजे घालून झोपा. माझ्या आईच्या टाचा अशाच भरल्या. नखं सरळ कापा. घरात कोणाला शुगर असेल तर त्यांनी पाय भिजवत बसू नये, वज्रीही लावू नये. भेग दिसली की लगेच दवाखान्यात दाखवावी.