भूकंपाची खोली आणि विभंगाची दिशा तरंगालेखांवरून ठरवताना या चुका टाळा

पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून लहान भूकंपांची मालिका सुरू झाली, तेव्हा धुंदलवाडीच्या परिसरातले लोक सांगत होते की धक्क्याबरोबर जमिनीतून सुरुंगासारखा आवाज येतो. असा आवाज सहसा नाभी, म्हणजे भूकंप जिथून सुरू होतो तो जमिनीखालचा बिंदू, उथळ असल्याची खूण असतो. त्याच सुमारास मुंबईत बसून नोंदींचे विश्लेषण शिकणारी काही मुले मला विचारत की आमच्या हिशेबात खोली नेमकी दहा किलोमीटर येते, मग ती उथळ म्हणायची की नाही. त्यावर माझा उलट प्रश्न असे की ही दहा किलोमीटर खोली ‘येते’, की प्रोग्रामने ती आधीच धरून ठेवलेली असते? बहुतेक वेळा दुसरेच खरे निघे. नाभीची खोली आणि विभंगाची यंत्रणा (खडकातली भेग कोणत्या दिशेने व कशी सरकली) या दोन गोष्टी संगणक काही मिनिटांत काढून देतो, निरीक्षित आणि गणिती तरंग एकमेकांवर छान बसलेलेही दिसतात. मात्र जुळणी चांगली आहे एवढ्यावरून उत्तर बरोबर आहे असे ठरत नाही.

गृहीत धरलेली खोली मोजलेली समजणे

नोंदींतून खोली ठरत नसेल, तर ती एका ठरावीक आकड्यावर बांधून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. जुन्या जागतिक नोंदींत हा आकडा ३३ किलोमीटर असे, आता तो अनेक ठिकाणी १० असतो. ग्लोबल सीएमटी या जागतिक भूकंपसूचीत फार उथळ भूकंपांची खोली १२ किलोमीटरवर बांधलेली असते. खोलीच्या रकान्यात असा गोल आकडा असेल आणि शेजारी त्रुटीचा रकाना रिकामा किंवा शून्य असेल, तर ते मोजमाप नाही, ती केवळ सोय आहे. आपल्या हिशेबाची सुरुवात या आकड्यापासून करायला हरकत नाही, पण शेवट तिथेच झाला तर शंका घ्यावी.

खोली मुळात का ठरत नाही, हे एका साध्या हिशेबावरून कळते. धुंदलवाडीहून मुंबईतले एखादे स्टेशन ११० किलोमीटरवर आहे असे धरू. किरण सरळ रेषेत आणि सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने आला, तर नाभी ५ किलोमीटरवर असण्यात आणि १० किलोमीटरवर असण्यात पी तरंगाच्या (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या तरंगाच्या) आगमनात पडणारा फरक केवळ सहा शतांश सेकंदाचा आहे. मुंबईच्या गोंगाटात आगमनाची वेळ टिपताना आपला हातच याहून जास्त चुकतो. हेच स्टेशन अपिकेंद्रापासून (नाभीच्या थेट वरच्या, जमिनीवरच्या बिंदूपासून) पाच किलोमीटरवर असेल, तर पी आणि त्यामागून येणाऱ्या एस तरंगांमधले अंतर सुमारे अर्ध्या सेकंदाने बदलते, आणि ते कोणालाही दिसते. म्हणून आगमनवेळांवरून खोली काढायची असेल, तर निदान एक स्टेशन तरी नाभीच्या खोलीइतक्या, फार तर तिच्या दुप्पट, अंतरात हवे. दूरच्या स्टेशनांची संख्या वाढवून ही उणीव भरून निघत नाही, कारण कवचाच्या तळाला घासून येणारे पीएन तरंग सगळीकडे जवळपास एकाच कोनात नाभीतून निघतात, आणि त्यांच्यापुरते भूकंपाची वेळ थोडी मागे सरकवणे व नाभी थोडी खोल नेणे यांत काहीच फरक उरत नाही.

मुंबईकरांची आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे पश्चिमेचा समुद्र. किनाऱ्यालगतच्या भूकंपांसाठी सगळी स्टेशने पूर्वेच्या अर्ध्या भागात येतात आणि दिशांमधली रिकामी जागा सहज १८० अंशांच्या पुढे जाते. अशा वेळी सौराष्ट्रातली स्टेशने हिशेबात घ्यावीत, मग त्यांची नोंद थोडी अस्पष्ट असली तरी चालेल.

यंत्राची माहिती न तपासता हिशेबाला बसणे

माझ्या अनुभवात चुकीच्या बीचबॉलचे (विभंगाची यंत्रणा दाखवणाऱ्या दोन रंगांच्या गोल आकृतीचे) सर्वात मोठे कारण भूकंपशास्त्रात नसते, ते स्टेशनच्या माहितीपत्रकात असते.

एकदा एका तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या मागे तात्पुरते बसवलेले स्टेशन आमच्या हिशेबात येई आणि प्रत्येक भूकंपात तेवढेच एक जुळत नसे. उभा घटक ठीक, आडवे दोन्ही बिघडलेले. सेन्सर बसवणाऱ्याने उत्तर दिशा होकायंत्राने घेतली होती, आणि तीही उघड्या काळ्या कातळावर यंत्र टेकवून. मुंबईच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसा फरक नाही, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण बेसाल्ट स्वतःच चुंबकित असतो आणि होकायंत्राची सुई बरीच वळवू शकतो, हे लक्षात घेतले गेले नव्हते. दख्खनच्या कातळावर काम करणाऱ्याने दिशा सूर्यावरून किंवा जीपीएसच्या दोन बिंदूंवरून घ्यावी. स्टेशन आधीच बसले असेल, तर दूरच्या मोठ्या भूकंपांच्या पी तरंगांत जमिनीचे कण कोणत्या रेषेत हलले ते पाहून सेन्सर किती फिरला आहे हे काढता येते. आम्हीही शेवटी तेच केले.

दिशेइतकीच फसवी बाब ध्रुवतेची आहे. केबलीच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या की जमीन वर गेली असता रेषा खाली जाते, आणि पहिल्या हालचालीवर आधारलेली सगळी यंत्रणा त्या स्टेशनपुरती उलटी होते. याची तपासणी सोपी आहे. हिंदुकुशात दोनशे किलोमीटरच्या आसपास खोलीचे भूकंप वरचेवर होतात आणि त्यांचा पहिला पी तरंग स्वच्छ असतो. महाराष्ट्रातली सगळी स्टेशने त्या नाभीच्या दृष्टीने एकाच लहानशा भागात येत असल्यामुळे सर्वांवर पहिली हालचाल एकाच दिशेची दिसली पाहिजे. एखादे स्टेशन दोन-तीन भूकंपांत सातत्याने उलटे दिसले, तर दोष तारेचा आहे.

वेळेबाबतही गफलत होते. किल्लारीचा भूकंप आपल्या घड्याळाने ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५५ मिनिटांनी झाला, पण जागतिक वेळेनुसार तारीख २९ सप्टेंबर होती. कोयनेचा १९६७ चा भूकंपही असाच ११ डिसेंबरच्या पहाटेचा, आणि जागतिक नोंदींत १० डिसेंबरचा. जुन्या कागदी नोंदींवर कोणती वेळ आहे हे न पाहता साडेपाच तास चुकवणारे मी पाहिले आहेत.

यंत्राचा प्रतिसाद काढून टाकताना सेन्सर बदलल्याची तारीख पाहावी. एका स्टेशनची पटवाढ (यंत्र हालचाल किती पट मोठी करते तो आकडा) दहापट चुकली, तर तेवढ्या स्टेशनवरून काढलेली परिमाणता (मॅग्निट्यूड) सुमारे ०.६७ ने सरकते, आणि अनेक स्टेशनांच्या एकत्रित हिशेबात तर ती चूक परिमाणतेत न दिसता यंत्रणेत मुरते, कारण प्रोग्राम त्या स्टेशनचा मोठा आयाम समजावून घेण्यासाठी विभंगाची प्रतलेच फिरवतो. डाइन-सेंटिमीटर आणि न्यूटन-मीटर या भूकंपाच्या मोमेंटच्या एककांची गल्लत मात्र धोक्याची नाही, कारण त्यात परिमाणता साडेचारांहून अधिक अंकांनी चुकते आणि चूक लगेच उघडी पडते.

फिल्टर निवडताना समुद्र विसरणे

चार किंवा त्याहून कमी परिमाणतेच्या भूकंपासाठी लोक पुस्तकातला कंप्रतेचा पट्टा जसाच्या तसा उचलतात. पण जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि त्याच्या लाटांमुळे पाच ते दहा सेकंद आवर्तनकाळाचा गोंगाट कोकणातल्या प्रत्येक स्टेशनवर चढतो. जानेवारीत उत्तम चाललेला पट्टा जुलैत निव्वळ लाटांची जुळणी करत बसतो. भूकंपाच्या आधीच्या काही मिनिटांची नोंद त्याच फिल्टरमधून काढून तिची उंची भूकंपाच्या तरंगांशी ताडून पाहावी, आणि दोन्ही सारख्याच असतील तर ते स्टेशन वगळावे. लोकलचा खडखडाट याच्या मानाने निरुपद्रवी आहे, कारण तो बऱ्याच वरच्या कंप्रतेचा असतो.

दीर्घ आवर्तनकाळाकडे गेले की गोंगाट सुटतो, पण खोलीही निसटते. वीस सेकंदांच्या पृष्ठतरंगाची लांबी साठ किलोमीटरच्या घरात असते, आणि त्याला नाभी ५ किलोमीटरवर आहे की ८ वर, याचे फारसे सोयरसुतक नसते. शिवाय अगदी उथळ नाभीसाठी, जमिनीच्या पृष्ठावर ताण शून्य होत असल्यामुळे, मोमेंट टेन्सरचे (विभंगाच्या हालचालीच्या गणिती वर्णनाचे) दोन घटक दीर्घ तरंगांत जवळपास उमटतच नाहीत. हे घटक ठरवायला नोंदीत माहितीच नसते, आणि प्रोग्राम थोड्याशा गोंगाटाची भरपाई करण्यासाठी त्यांना वाटेल तेवढ्या किमती देतो. मग प्रतलाचा उतार भलताच येतो आणि परिमाणता फुगते. किल्लारीसारख्या उथळ उलट विभंगावर (ज्यात वरचा खडक खालच्यावर चढतो) काम करताना पृष्ठतरंगांचे उत्तर देहतरंगांशी (पृथ्वीच्या आतून येणाऱ्या पी, एस तरंगांशी) आणि पहिल्या हालचालींशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फिल्टरची आणखी एक खोड अशी की शून्य-कला फिल्टर (तरंगाची वेळ न सरकवणारा) तरंग येण्याच्या आधीच एक लहानशी खोटी लहर उभी करतो. पहिली हालचाल नेहमी मूळ, न गाळलेल्या नोंदीवर वाचावी.

अर्ध्या लाटेची चूक

गणिती तरंग निरीक्षित तरंगावर बसवताना प्रोग्रामला वेळ थोडी मागेपुढे सरकवण्याची मुभा द्यावी लागते, कारण वेगाचे मॉडेल कधीच अचूक नसते. ही मुभा अर्ध्या आवर्तनकाळापेक्षा जास्त दिली की खड्डा टेकडीवर जाऊन बसतो. सर्व स्टेशनांवर असे झाले, तर सामान्य विभंगाचा (ज्यात वरचा खडक खाली घसरतो) उलट विभंग होतो आणि जुळणीचा टक्का तरीही देखणा राहतो. ही चूक मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण चित्र पाहून ती कळत नाही. तीन-चार स्टेशनांवर जरी पहिली हालचाल निःसंशय वाचता आली, तरी ती उत्तरावर ठेवून पाहावी. सगळ्या खुणा उलट्या रंगात पडल्या, तर उत्तर उलटले आहे. प्रत्येक स्टेशनला दिलेली सरक नकाशावर मांडणेही उपयोगी पडते, कारण एका दिशेची सगळी स्टेशने उशिरा आणि समोरची लवकर सरकत असतील, तर अपिकेंद्राची जागाच चुकली आहे.

वेगाचे मॉडेल आणि थरांच्या सीमा

आयएएसपी९१ या जागतिक मॉडेलमध्ये वरचे वीस किलोमीटर एकाच वेगाचे, सेकंदाला ५.८ किलोमीटर, आणि कवचाचा तळ ३५ किलोमीटरवर आहे. दूरच्या तरंगांसाठी ते चालते. पण कोयना किंवा पालघरच्या लहान भूकंपांसाठी बेसाल्टचा वरचा थर वेगळा धरावा लागतो, आणि त्याची जाडीही सगळीकडे सारखी नाही: किल्लारीच्या विंधनविवरात बेसाल्ट ३३८ मीटरांवर संपला, तर कोयनेच्या परिसरात तो काही ठिकाणी बाराशे मीटरांपर्यंत आहे.

बदललेल्या मॉडेलचा पहिला फटका किरणाच्या निर्गमन कोनाला, म्हणजे किरण नाभीतून ज्या कोनात निघतो त्याला, बसतो. नाभी एखाद्या थराच्या सीमेच्या जरा वर असेल, तर त्याच स्टेशनकडे जाणारा पहिला किरण बहुधा खालच्या दिशेने निघतो, आणि जरा खाली असेल तर आडवा किंवा वर. परिणामी नाभिगोलावर (नाभीभोवती कल्पिलेल्या गोलावर) ते निरीक्षण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते आणि खोलीबरोबर यंत्रणाही बदलते. अनेक भूकंपांच्या खोल्या एकाच आकड्यावर दाटलेल्या दिसल्या, आणि तो आकडा तुमच्या मॉडेलमधल्या सीमेचाच असला, तर ते भूशास्त्र नव्हे. सीमा एक किलोमीटर वरखाली करून हिशेब पुन्हा करावा. वर निघणाऱ्या किरणांची निरीक्षणे खालच्या अर्धगोलावर मांडताना समोरच्या बिंदूवर न्यायची असतात, हे हाताने आकृती काढणारे हमखास विसरतात.

परावर्तित तरंग ओळखताना

मोठ्या भूकंपांत दूरच्या स्टेशनांवर पी नंतर येणारे, नाभीच्या वरच्या पृष्ठावरून परतलेले पीपी आणि एसपी तरंग खोलीचा सर्वांत भरवशाचा पुरावा देतात. येथे इंग्रजीत लिहिताना पहिला ‘पी’ छोट्या लिपीतला असतो, आणि अर्ध्या वाटेवर पृष्ठावरून उसळलेल्या मोठ्या लिपीतल्या पीपीशी त्याची गल्लत करू नये. दहा किलोमीटर खोलीसाठी पी आणि छोटा पीपी यांत सुमारे तीन सेकंदांचे अंतर पडते, एसपीसाठी सुमारे साडेचार. पाच किलोमीटरला हे आकडे निम्मे होतात, आणि भूकंपाची स्वतःची घडण्याची क्रिया दोन-तीन सेकंद चालली, तर तिन्ही तरंग एकाच गुठळीत मिसळतात. तेव्हा शिखरे मोजण्याऐवजी संपूर्ण आकाराची जुळणी करावी.

अरबी समुद्राखालच्या भूकंपात पाण्याच्या पृष्ठावरून परतलेला तरंगही येतो. तीन किलोमीटर पाण्यातून वरखाली जायला त्याला चार सेकंद जास्त लागतात. पीपी अस्पष्ट असताना या उशिरालाच पी आणि पीपी यांतले अंतर समजले, तर कार्ल्सबर्ग कटकावरचा (अरबी समुद्राखालच्या डोंगररांगेवरचा) उथळ भूकंप तेरा-चौदा किलोमीटर खोल दिसतो.

उत्तर लिहिताना

प्रत्येक खोलीसाठी जुळणी किती आली याचा आलेख काढावा. तो तळाशी सपाट असेल, तर ‘खोली ७ किलोमीटर’ असे न लिहिता ‘४ ते ११’ असे लिहावे. एकेक स्टेशन वगळून हिशेब पुन्हा करावा, आणि एखादे काढताच प्रतल तीस अंशांनी फिरले, तर त्या स्टेशनचे माहितीपत्रक आधी पाहावे. सगळीकडे पहिली हालचाल वरची आणि वेळ दुपारची असेल, तर ठाणे-पालघरच्या दगडखाणींतला सुरुंग तर नाही ना, हेही तपासावे.

तरंगालेखातून निघणारी दोन प्रतले गणिताच्या दृष्टीने समान असतात. कोणते खरे हे त्या आकृतीत लिहिलेले नसते. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपात उत्तर-ईशान्य दिशेचे प्रतल निवडले गेले, कारण डोणाचीवाडा विभंगाची रेषा त्याच दिशेची होती. अशी विभंगरेषा, उत्तरकंपांचा ओळीत पसरलेला पट्टा किंवा जमिनीवर उमटलेली भेग हाती नसेल, तर दोन्ही प्रतले कळवावीत, आणि मोमेंट टेन्सरची खोली ही सरासरी केंद्राची आहे, आगमनवेळांवरून काढलेली खोली मात्र फूट जिथून सुरू झाली त्या बिंदूची आहे, हे शेजारी नोंदवावे.