‘गेट’चे अर्थ पाठ करू नका, पुढचा शब्द बघा

माझ्या इंग्रजी बोलण्याच्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर ‘लागणे’ लिहिते. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते. फलाटावर गाडी लागते आणि घाटातही गाडी लागते, तेव्हा मात्र पिशवी लागते. हे अर्थ कुणी कधी पाठ केले? आजूबाजूच्या शब्दांवरून कळतात. इंग्रजीतला ‘गेट’ (get, फाटक नव्हे) त्याच जातीचा. त्याच्या नंतर काय आलंय तेवढं बघायचं.

नाम आलं तर मिळणे किंवा आणणे: ‘गेट अ जॉब’, ‘गेट सम मिल्क’. विशेषण आलं तर होणे: ‘गेट वेट’, ‘गेट अँग्री’. ठिकाण आलं तर पोचणे: ‘गेट टु ठाणे’, पण ‘गेट होम’मध्ये ‘टु’ घुसवू नका. एवढासा ‘अ’सुद्धा सोडायचा नाही. ‘आय गॉट कोल्ड’ म्हणजे मी गारठले, ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली.

‘मला उशीर झाला’चं आपण सर्रास ‘आय गॉट लेट’ करतो. मीही कित्येक वर्षं केलं. आपल्याकडे खपतं, पण इंग्रज ‘आय वॉज लेट’ म्हणेल. ‘इट्स गेटिंग लेट’ बरोबर आहे, कारण तिथे उशीर वेळेला होतोय.

खरी गंमत करवून घेण्यात. वर्गातल्या एक काकू म्हणाल्या, ‘आय स्टिच्ड माय ब्लाउज.’ सगळ्यांनी कौतुक केलं, तर म्हणे, छे, शिंप्याकडून! मग म्हणा, ‘आय गॉट माय ब्लाउज स्टिच्ड.’ ‘गॉट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट स्टिच्ड माय ब्लाउज’ नको, वस्तू मध्येच हवी. माणसाला तयार केलं असेल तर ‘टु’ येतो: ‘आय गॉट हिम टु कम.’

बस-ट्रेनमध्ये ‘गेट ऑन’, गाडीत ‘गेट इन’. माझी खूण अशी: आत उभं राहता येतं तिथे ‘ऑन’. रिक्षात वाकून शिरायचं, म्हणून ‘इन’. लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसली तरी ‘ऑन’च.

अमेरिकन मालिकांत ‘गॉटन’ ऐकू आलं तर दचकू नका, ते त्यांच्याकडचं तिसरं रूप. ब्रिटिश ‘गॉट’वरच भागवतात.

आता गिरणीतून याल तेव्हा ‘गहू दळून आणले’ म्हणून बघा: ‘आय गॉट द व्हीट ग्राउंड.’ हा ‘ग्राउंड’ ‘ग्राइंड’चा, मैदानाचा नव्हे.