डबल डाय की घासलेली डाय? नाणं घेताना या चुका टाळा

इंदूरच्या राजवाड्याजवळ जुनी नाणी मांडून बसणाऱ्या एकाकडून मी 1995 चा स्टीलचा रुपया 400 रुपयांना घेतला होता. 'भारत' हा शब्द दुहेरी दिसत होता आणि विकणारा छातीठोकपणे म्हणाला, "भिया, डबल डाय है, दूसरा नहीं मिलेगा." घरी रामबागेत येऊन दहापटीच्या भिंगाखाली धरला आणि दहा मिनिटांत 400 चा पुन्हा 1 रुपया झाला.

माझी चूक साधी होती. मी फक्त दुहेरी अक्षर बघितलं, त्याच्या आजूबाजूचं मैदान, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, बघितलंच नाही.

डाय म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणारा पोलादी साचा. आधी डबल डाय आणि घासलेली, म्हणजे झिजलेली डाय, हे दोन दोष कुठून येतात ते पाहू. डाय तयार करताना उठावदार आकृतीचा पोलादी हब मऊ केलेल्या पोलादात दाबतात. पूर्वी एका दाबात आकृती पुरती उतरत नसे, म्हणून डाय तापवून पुन्हा मऊ करायची आणि हब परत दाबायचा. या दुसऱ्या वेळी हब केसभर जरी सरकला तरी दुहेरी आकृती डायमध्येच बसते. मग त्या डायखालून निघालेल्या पहिल्या नाण्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकावर ती दिसणारच. हीच खरी डबल डाय.

घासलेल्या डायची गोष्ट वेगळी. नाण्याच्या कोऱ्या चकतीवर डाय आदळली की धातू मधून कडेकडे पसरतो. हजारो वेळा हे झालं की डायवरच्या अक्षरांच्या कडा झिजतात, बाहेरच्या बाजूच्या जास्तच. 1992 पासूनचा आपला रुपया फेरिटिक स्टीलचा. हा धातू तांबे-निकेलपेक्षा हट्टी, त्यामुळे डायला जास्त सोसावं लागतं. अक्षरं फुगतात, त्यांच्या मागे एक मऊ सावली उठते आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, लॉटरी लागली.

आता भिंग घ्या आणि शिरोरेषेचं टोक बघा. आपल्या नाण्यांवर देवनागरी असते हा मोठा फायदा आहे. खऱ्या डबल डायमध्ये त्या टोकाला स्वच्छ खाच दिसते, माशाच्या शेपटीसारखी. 'भा'च्या कान्याला दोन वेगळे उठाव असतात आणि मध्ये बारीक घळ. दोन्ही आकृत्या गोलसर, भरीव. घासलेल्या डायमध्ये खाच नसतेच. टोक भिजलेल्या साबणासारखं बोथट होतं आणि दुसरी आकृती कुठे सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही. सपाट भागावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा किंवा कडेकडे धावणाऱ्या बारीक रेघा दिसल्या, तर खिशातला हात तिथेच थांबवा.

दुसरी कसोटी दिशेची, आणि मला ती सगळ्यात आवडते. वरचं अक्षर वर फुगलंय, खालचं खाली, डावीकडचं डावीकडे? म्हणजे सगळं कडेकडे पळतंय, बहुधा झीज. हब नुसता सरकला असेल तर सगळी अक्षरं एकाच दिशेला दुहेरी होतात. फिरला असेल तर सगळी घड्याळाच्या काट्यासारखी एकाच अंगाला वळतात. अपवाद आहे: ताणलेल्या हबमुळेही अक्षरं कडेकडे पसरू शकतात. तेव्हा निकाल खाचेवर आणि मैदानावर द्यायचा.

तिसरा भामटा म्हणजे मशीन डबलिंग. ठोका पडल्यावर सैल डाय जरा घसरते आणि नुकतंच उठलेलं अक्षर एका बाजूने चेपते. तिथे पायरीसारखा सपाट, चकचकीत कट्टा तयार होतो आणि अक्षर मुळापेक्षा बारीक होतं. खऱ्या डबल डायमध्ये ते जाड होतं. एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

अमेरिकेत 1955 च्या एका सेंटवर साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात, ती खरी आणि महागडी डबल डाय. त्याच सालच्या दुसऱ्या सेंटवर झिजलेल्या डायमुळे फक्त शेवटचा 5 दुहेरी दिसतो. त्याला तिथले लोक 'गरिबाची डबल डाय' म्हणतात. निदान ते विकताना नाव तरी खरं सांगतात!

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. होळकरांच्या मल्हारनगर (इंदूर) टाकसाळीचा सूर्यमुखी रुपया किंवा महेश्वरचा लिंग-बेलपत्राचा रुपया दाखवून कुणी 'डबल डाय' म्हणालं तर हसून पुढे जा. ही हाताने ठोकलेली नाणी. चकती हलली आणि हातोडा दोनदा पडला की ठसा दोनदा उमटतो. दोष ठोक्याचा, डायचा नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून सौदा करू नका, दोन दिवे असले की प्रत्येक अक्षराला दोन सावल्या पडतात. आणि तांब्याची भांडी घासायच्या पावडरीने नाणं 'स्वच्छ' करून मग बघू नका. ज्या रेघांवरून निदान करायचं त्याच तुम्ही पुसून टाकता.

माझ्या रुपयाचा शेवटचा पुरावा नंतर मिळाला. त्याच्यावर 'भारत' शब्दाजवळ एक केसासारखी उठलेली रेघ होती, डायवरच्या ओरखड्याची. पुढच्या रविवारी त्याच माणसाच्या डब्यात तासभर चाळत बसलो, तर अगदी तीच रेघ असलेला दुसरा 1995 चा रुपया सापडला. डाय तीच, पण वय कमी. 'भारत' अगदी रेखीव, दुहेरीपणाचा मागमूस नाही. तो त्याने दहा रुपयांना दिला. दोन्ही आता एकाच पाकिटात आहेत.